हलणाऱ्या भिंतींच्या मालिका : जुन्या विज्ञानकथा आणि भयकथा पाहायला कशी सुरुवात करावी

माझ्या भाच्याला मी पहिल्यांदा 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतली 'द आर्क इन स्पेस' ही १९७५ सालची कथा दाखवली, तेव्हा तो दुसऱ्या भागाच्या शेवटी ओरडला, "मामा, हे तर पार्सलातलं बबल रॅप आहे!" खरंच होतं ते. अंतराळस्थानकाचा प्रमुख खिशातून हात बाहेर काढतो, तो हात एका किड्याच्या अळीसारखा झालेला असतो, आणि ती अळी म्हणजे हिरवा रंग मारलेलं बबल रॅप. मी भाच्याला एवढंच म्हटलं, की हाताकडे बघू नकोस, त्या माणसाच्या तोंडाकडे बघ. स्वतःचाच हात स्वतःचा राहिलेला नाही हे कळल्यावर माणूस जसा दिसेल, तसा तो नट दिसतो. पोरगं गप्प झालं. पुढचे दोन भाग त्याने गुडघे छातीशी घेऊन पाहिले.

हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे. १९५० ते १९८० या काळातल्या, तुटपुंज्या पैशांत केलेल्या विज्ञानकथा आणि भयकथांच्या मालिकांबद्दल तुम्ही ऐकलेलं आहे, एखादा तुकडा पाहून हसलेलाही आहात, पण यात लोकांना नेमकं काय सापडतं ते बघायची इच्छा आहे. वीस वर्षं मी या मालिका पाहतो आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे, की या मालिका सिनेमासारख्या बघायला बसलात तर हाती काही लागत नाही. नाटकासारख्या बघा. दोन खुर्च्या आणि एक चौकट मांडली की आपण तिला वाडा मानतो. तिसरी घंटा झाली की तो करार झालेला असतो, आणि मग चौकट हलली म्हणून कुणी उठून जात नाही. हाच करार इथे करायचा. मराठी प्रेक्षकाला ही सवय लहानपणापासून आहे, त्यामुळे आपलं अर्धं काम आधीच झालेलं आहे.

आमच्या पिढीला तर ही वाट अगदीच अनोळखी नाही. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायची. त्यातले लोक यानातून एकदम विरघळून ग्रहावर उमटायचे, ते आम्हाला फार पुढचं विज्ञान वाटायचं. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून ती युक्ती काढली होती. यानावरच्या डॉक्टरच्या हातातली चकचकीत उपकरणं होती मिठाच्या डब्या. एका भागात मीठदाणी म्हणून वापरायला विचित्र आकाराच्या डब्या आणल्या. त्या मीठदाणी म्हणून कुणी ओळखणार नाही असं वाटलं, तेव्हा त्या दवाखान्यात गेल्या. पैसा नव्हता, मग काय केलं? हा प्रश्न डोक्यात ठेवून बघायला लागलात की या मालिका उलगडायला लागतात.

आधी टीव्ही नीट करा

हे सांगायला कुणी बसत नाही, आणि निम्मे लोक इथेच नाउमेद होतात. या मालिका जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी केलेल्या आहेत, चारास तीन या प्रमाणाच्या. आजचा टीव्ही रुंद असतो आणि बरेचदा आपणहून चित्र ताणून कडेला कड लावतो. सगळ्यांचे चेहरे फुगलेले, दारं बुटकी. मी स्वतः एक अख्खी सहा भागांची कथा तशी ताणलेली पाहिली आणि नेपथ्य बेंगरूळ आहे असं मत करून बसलो. पुढे योग्य प्रमाणात पाहिली तेव्हा कळलं, की दिग्दर्शकाने प्रत्येक चौकट किती विचाराने लावली होती. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं प्रमाण ४:३ किंवा 'मूळ' असं ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्या.

दुसरं म्हणजे मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलेलं असतं, पण काम एकच : चित्र अनैसर्गिक गुळगुळीत करायचं. ते चालू असेल तर पुढे सांगतो आहे तो फिल्म आणि व्हिडिओचा फरक तुम्हाला दिसणारच नाही.

तिसरं, आवाज. टीव्हीच्या पाठीमागच्या बारक्या स्पीकरवर या मालिका पाहू नका. साधा हेडफोन लावा. या लोकांकडे दाखवायला फार नव्हतं, म्हणून त्यांनी ऐकवलं, आणि ते ऐकलं नाही तर भीती निम्मी गळून जाते. इंग्रजी सबटायटल मिळत असतील तर निःसंकोच लावा. जुन्या ब्रिटिश नटांचे उच्चार पहिल्या आठवड्यात कानाला जड जातात, मग सवय होते.

पहिला आठवडा : 'द ट्वायलाइट झोन'

इथून सुरुवात करा, कारण प्रत्येक गोष्ट पंचवीस मिनिटांत संपते आणि मागचं-पुढचं काही माहीत असावं लागत नाही. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर २ ऑक्टोबर १९५९ला ही मालिका सुरू झाली, १९६४पर्यंत चालली, एकूण १५६ भाग. त्यातले ९२ एकट्या रॉड सर्लिंग यांनी लिहिले. सूट घातलेला, ओठ फारसे न हलवता बोलणारा जो माणूस सुरुवातीला येऊन गोष्ट मांडतो, तेच ते.

पहिल्या भागापासून ओळीने बघायची गरज नाही. मी नवख्यांना आधी 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' (१९६०) दाखवतो. एक गल्ली, काही शेजारी, संध्याकाळ. दिवे जातात. मग एकाच घरातले येतात. एवढ्यावर पंचवीस मिनिटांत ती गल्ली कुठल्या कुठे जाते ते बघा. जिने सोसायटीच्या मीटिंगा पाहिल्या आहेत अशा माझ्या बहिणीला तो भाग बघताना घाम फुटला होता. मग 'आय ऑफ द बिहोल्डर' (१९६०) : दवाखान्यातली एक बाई, चेहरा पूर्ण पट्ट्यांत गुंडाळलेला, आणि भोवती डॉक्टर, नर्स, ज्यांचा एकाचाही चेहरा कॅमेरा आपल्याला दाखवत नाही. माणसं अंधारातून बोलतात, पाठमोरी उभी राहतात, पडद्याआड जातात. हा सगळा खेळ फक्त दिव्यांचा आणि उभं राहण्याच्या जागांचा आहे. शेवट कुणाकडून ऐकू नका. तिसरा 'द इन्व्हेडर्स' (१९६१) : एका एकाकी घरात राहणारी बाई आणि छपरावर उतरलेलं काहीतरी. ॲग्नेस मूरहेड यांना त्यात एकही वाक्य नाही, फक्त श्वास, किंकाळ्या, धडपड.

चौथा भाग मी मुद्दाम ठेवतो तो 'ट्वेंटी टू' (१९६१). दुसऱ्या हंगामात खर्च वाचवण्यासाठी सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर केले गेले, त्यातला हा एक. मूरहेडबाईंचा भाग आणि हा लागोपाठ पाहा. पहिल्यात सावल्या खोल आहेत, चित्राला पोत आहे. दुसऱ्यात सगळं सपाट, उजळ, जणू समोर घडतंय. त्यामुळे दवाखान्याच्या तळघराकडे जाणारी लिफ्ट जास्तच अंगावर येते, असं मला वाटतं. बहुतेक जाणकार व्हिडिओवरच्या या भागांना कमी लेखतात. हा एक भाग मी त्यातून वगळेन.

चौथा हंगाम मात्र सुरुवातीला सोडून द्या. तेव्हा भाग एक तासाचे केले होते, आणि पंचवीस मिनिटांची गोष्ट तासभर ताणली की तिचं काय होतं ते तिथे दिसतं.

याच्या जोडीने 'द आउटर लिमिट्स'चं (१९६३ ते १९६५, ४९ भाग) नाव तुम्ही ऐकाल. तिचा एकच भाग सध्या पुरे : 'डेमन विथ अ ग्लास हँड' (१९६४). लॉस एंजेलिसच्या ब्रॅडबरी बिल्डिंगमध्ये, तिथल्या लोखंडी जिन्यांत आणि जाळीच्या लिफ्टमध्ये तो चित्रित केला आहे. सेट बांधायला पैसे नसले की चांगली इमारत शोधावी, याचा तो वस्तुपाठ आहे.

आत व्हिडिओ, बाहेर फिल्म

आता ब्रिटनकडे वळायचं, आणि वळण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायची. बीबीसीच्या जुन्या मालिकेत पात्र खोलीत बोलत असतं तेव्हा चित्र एक असतं, आणि दार उघडून बाहेर पडलं की चित्राचा पोतच बदलतो. रंग मवाळ होतात, हालचाल वेगळी दिसते. नवख्याला वाटतं कॉपी खराब आहे. तसं नाही. स्टुडिओतलं काम इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी व्हिडिओवर व्हायचं आणि बाहेरचं १६ मिलिमीटर फिल्मवर.

स्टुडिओतली पद्धत जवळपास नाटकाची होती. तालमी दुसऱ्या एखाद्या हॉलमध्ये, जमिनीवर चिकटपट्ट्या लावून. इथे दार, इथे टेबल. मग स्टुडिओत दिवसभर कॅमेऱ्यांसह तालीम आणि संध्याकाळी प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू, वरच्या खोलीतून दिग्दर्शक चालू प्रसंगातच एकावरून दुसऱ्यावर जातो. साठच्या दशकात टेप कापून जोडणं कटकटीचं आणि महाग होतं, म्हणून लांबच लांब प्रवेश एका दमात व्हायचे. बीबीसी टेलिव्हिजन सेंटरमध्ये रात्री दहाला काम थांबलंच पाहिजे असा दंडक होता. त्यापुढे गेलं की जादा पैसे. त्यामुळे एखादा नट वाक्यात अडखळला आणि पुढे गेला, तर ते तसंच राहायचं.

हे कळलं की बघण्याची नजर बदलते. भिंत थरथरली म्हणजे त्या नटाने दार खरोखर आपटलं आहे, आणि वेळ पावणेदहाची आहे.

'डॉक्टर हू' : कुठून शिरायचं

१९६३ ते १९८९ अशी सव्वीस हंगामांची ही मालिका. एक परग्रहवासी, त्याचं निळ्या पोलीस-खोक्याच्या (पोलिसांना फोन करायच्या रस्त्यावरच्या खोपटाच्या) आकाराचं कालयान, आणि दर काही वर्षांनी बदलणारा नट. पहिले विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे थांबले, तेव्हा १९६६मध्ये डॉक्टरचं शरीरच नवं होतं असं लिहिलं गेलं आणि पॅट्रिक ट्राउटन आले. अडचणीतून निघालेल्या या एका कल्पनेने मालिका जिवंत ठेवली.

पण पहिल्या भागापासून सुरू करून ओळीने येण्याचा हट्ट धरू नका. मी तो धरला होता आणि दुसऱ्या महिन्यात दमलो. माझा क्रम असा आहे.

आधी 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' (१९७०), चार भाग. तिसऱ्या डॉक्टरची, जॉन पर्टवी यांची, पहिली कथा आणि मालिकेतली पहिली रंगीत. त्या वेळी स्टुडिओत संप असल्यामुळे सगळीच्या सगळी फिल्मवर, बाहेर चित्रित करावी लागली. त्यामुळे आतबाहेरचा तो झटका इथे नाही. शेवटच्या भागात पहाटेच्या बाजारपेठेत कपड्यांच्या दुकानातले पुतळे हलायला लागतात. हा प्रसंग दोनदा बघा. पुतळा हात उगारतो, आणि काच फुटताना तुम्हाला दिसत नाही. फक्त खळ्ळकन आवाज येतो, आणि पुढच्या क्षणी ते पुतळे रस्त्यावर उतरत असतात. मोठी काच फोडणं परवडलं नसतं. दुकानाबाहेरच्या पुतळ्याजवळून संध्याकाळी एकटं जाताना मला अजून तो आवाज आठवतो, आणि काच आपण पाहिली अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मग 'द आर्क इन स्पेस', बबल रॅपची. चौथे डॉक्टर टॉम बेकर, चार भाग. त्यानंतर 'पिरॅमिड्स ऑफ मार्स' (१९७५) आणि 'द रोबॉट्स ऑफ डेथ' (१९७७). ही शेवटची मला सगळ्यांत नेटकी वाटते. वाळवंटात चालणारं एक खाणयंत्र, आत मोजकी माणसं, पुष्कळ यंत्रमानव, आणि एक-एक करून खून. यंत्रमानवांचे चेहरे देखणे, शांत आणि आवाज मृदू आहेत. भीती नेमकी त्या सौजन्याची वाटते. कपडे, टोप्या, चेहऱ्यावरचे रंग असे केले आहेत की या लोकांकडे फार पैसा आणि फार रिकामा वेळ आहे हे एक वाक्यही न बोलता कळतं.

इथवर आलात की १९६३कडे जा. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ला, शनिवारी लागला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवला. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा अठ्ठावीसच्याही नव्हत्या, आणि दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले वारिस हुसेन, त्यांच्याहूनही लहान. बीबीसीतल्या मुरलेल्या मंडळींमध्ये एक तरुण बाई आणि एक तरुण हिंदुस्थानी माणूस, हातात जुना, अडचणीचा लाइम ग्रोव्ह स्टुडिओ. पहिला भाग त्यांनी दोनदा केला; पहिला खर्डा वरिष्ठांनी नापास केला होता. ती पंचवीस मिनिटं आजही कुणाला दाखवावीत अशी आहेत. त्या कथेचे पुढचे तीन भाग, गुहेतल्या माणसांचे, नाही पाहिले तरी चालतील.

त्याच्या पुढच्याच कथेत डेलेक, म्हणजे धातूच्या कवचात बसलेले परग्रहवासी, येतात. सात भागांची आहे, मध्ये रेंगाळते, तरी पहिल्या भागाचा शेवट बघाच. बार्बरा नावाची शिक्षिका धातूच्या बोळांत हरवली आहे. दारं मागे बंद होतात. ती वळते, भिंतीला पाठ लावते, आणि आपल्याला दिसतो फक्त एक दांडा, तिच्याकडे येणारा. तो दांडा म्हणजे मोरीचं पाणी तुंबलं की वापरायचा रबरी पंप. पण त्या मागे काय आहे हे त्या शनिवारी कुणालाच कळलं नाही. आठवडाभर थांबावं लागलं. रेमंड क्यूसिक यांनी केलेला तो डेलेक पुढे अख्ख्या ब्रिटनमधल्या मुलांनी अंगणात खेळला.

म्हणूनच माझा एक नियम तुम्हीही पाळा : एका दिवशी एकच भाग. फार तर दोन. या कथा आठवड्याला एक भाग अशा बेताने लिहिलेल्या आहेत. प्रत्येक भागाचा शेवट टांगलेला, आणि पुढच्याची सुरुवात तोच प्रसंग पुन्हा दाखवून. सलग चार भाग पाहिलेत तर तीच धावाधाव, तेच पकडलं जाणं आणि सुटणं उघडं पडतं. रोज एक पाहिलात तर दिवसभर ते डोक्यात घोळतं. मनात घोळणारी ती भीती हाच या मालिकांचा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत चांगला इफेक्ट आहे.

कान उघडे ठेवा

'डॉक्टर हू'चं शीर्षकसंगीत एकदा डोळे मिटून ऐका. चाल रॉन ग्रेनर यांची. ती प्रत्यक्षात आणली डेलिया डर्बिशायर यांनी, बीबीसीच्या मेडा व्हेलमधल्या रेडिओफोनिक वर्कशॉप या आवाजाच्या प्रयोगशाळेत. सिंथेसायझर तेव्हा हाताशी नव्हते. छेडलेल्या एका तारेचा आवाज आणि तपासणीच्या यंत्रांतले सूर टेपवर घ्यायचे, टेपचा वेग कमीजास्त करून वेगवेगळे स्वर मिळवायचे, प्रत्येक स्वराचा तुकडा मोजून ब्लेडने कापायचा आणि एकाला एक चिकटवायचा. अख्खं गाणं असं इंचाइंचाने जोडलेलं आहे.

आणि कालयान उमटतानाची ती घरघर? ब्रायन हॉजसन यांनी एका जुन्या मोडक्या पियानोच्या जाड तारांवरून घराची किल्ली घासली. मग तो आवाज टेपवर उलटसुलट करून घेतला. साठ वर्षं झाली, पैशाची कमतरता केव्हाच संपली, तरी आजच्या मालिकेतही तीच घरघर आहे.

हरवलेले भाग

'डॉक्टर हू'ची यादी बघताना तुम्हाला काही भागांपुढे 'हरवलेला' असं दिसेल. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग आज चित्ररूपात उपलब्ध नाहीत. टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरली जायची. कलाकारांशी असलेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, आणि घरी बसून जुनं काही पाहता येईल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्म-प्रतींतून काही परत मिळाले. 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही कथा हाँगकाँगमध्ये सापडली. २०१३मध्ये नायजेरियातून नऊ भाग परत आल्याचं जाहीर झालं, त्या दिवशी मी कामावरून लवकर घरी आलो होतो.

हरवलेल्या भागांचा आवाज मात्र सगळा आहे. तो वाचवला घरोघरच्या पोरांनी, टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून. त्या आवाजावर ॲनिमेशन करून बऱ्याच कथा पुन्हा काढल्या आहेत. नवख्याने त्या आधी घेऊ नयेत. पण 'द वेब ऑफ फिअर' (१९६८) ही सहा भागांची, लंडनच्या भुयारी रेल्वेतली कथा घ्या. तिचा फक्त तिसरा भाग नाही. रिकामे फलाट, बोगद्यात साचत येणारं धुकं. ट्राउटन रुळांवरून चालतात आणि तुम्ही पाय वर घेऊन बसता.

भीतीच हवी असेल तर

या सगळ्याचं मूळ बघायचं असेल तर 'द क्वेटरमास एक्स्परिमेंट' बघा. १९५३ सालच्या उन्हाळ्यात, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या स्टुडिओतून, सहा शनिवार थेट प्रक्षेपण. तिघे अंतराळात जातात, यानातून एकच परत येतो. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए. आज पहिले दोनच भाग उरले आहेत. चालू प्रक्षेपण एका पडद्यावर दाखवून त्यावर फिल्म कॅमेरा रोखायचा, अशी तेव्हाची साठवणीची रीत. दुसऱ्या भागात त्या पडद्यावर एक किडा येऊन बसलेला दिसतो. प्रत बरी येत नाही म्हणून पुढचे भाग साठवलेच नाहीत. शेवटच्या भागात वेस्टमिन्स्टर ॲबीत पसरलेला राक्षस दाखवायचा होता. नील यांनी आणि त्यांच्या होणाऱ्या पत्नीने पाला-काटक्या लावून हातमोजे केले, ॲबीच्या मोठ्या छायाचित्राला भोकं पाडली, आणि थेट प्रक्षेपणात लेखक स्वतः त्यातून हात घालून उभे राहिले. ते चित्र आज हलताना पाहता येत नाही याची मला खरी हळहळ आहे.

नवख्याने मात्र याच लेखक-दिग्दर्शकांची तिसरी मालिका, 'क्वेटरमास अँड द पिट' (१९५८-५९), पूर्ण बघावी. तिचे सहाही भाग शाबूत आहेत. लंडनमध्ये पाया खणताना जुन्या कवट्या आणि एक वस्तू सापडते, आणि दर भागाला आपल्या पायाखालची जमीन थोडी सरकते.

अमेरिकेकडे 'डार्क शॅडोज' आहे. १९६६ ते १९७१, सोमवार ते शुक्रवार दुपारी, एकूण १,२२५ भाग. आकड्याने घाबरू नका आणि पहिल्यापासून सुरूही करू नका. सुरुवातीला ती एका जुन्या हवेलीतली साधी रहस्यमय कौटुंबिक मालिका होती. भाग २१०पासून बघा. तिथे एक शवपेटी उघडते आणि बार्नाबस कॉलिन्स हा पिशाच्च नातलग म्हणून दारात येतो. रोज एक भाग पाडायचा, पुन्हा टेक घ्यायला वेळ नाही, त्यामुळे वरून माइक डोकावतो, नट वाक्यासाठी प्रॉम्प्टरकडे बघतो. पण बार्नाबस करणारे जोनाथन फ्रिड यांची ती शोधणारी, थोडी हरवलेली नजर जवळजवळ दोनशे वर्षं एकट्या राहिलेल्या माणसाला शोभून दिसते. आपल्याकडे १९९३पासून रामसे बंधूंनी केलेला 'झी हॉरर शो' ज्यांनी चादरीतून पाहिला, त्यांना इथलं धुकं आणि दारांची कुरकुर ओळखीची वाटेल.

खटकेल ते

गती संथ वाटेल. तिसऱ्या कथेपर्यंत धीर धरा, त्यापुढेही कंटाळा आला तर जबरदस्ती करू नका. सहा-सात भागांच्या कथा आधी टाळा, चारांच्या घ्या.

काही गोष्टी मात्र माफ करण्यासारख्या नाहीत. 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग' (१९७७) ही कथा अनेक यादींत वरच्या क्रमांकावर दिसेल. तिच्यातल्या महत्त्वाच्या चिनी पात्राला एका गोऱ्या ब्रिटिश नटाने रंगरंगोटी करून उभं केलं आहे, आणि चिनी माणसांबद्दलचा तिचा सूर वाईट आहे. मुलांबरोबर बघणार असाल तर आधी स्वतः बघा आणि त्याबद्दल बोला. सात-आठ वर्षांच्या खालच्या मुलांना बबल रॅपचा हातसुद्धा रात्री झोपू देत नाही, हेही लक्षात असू द्या.

मिळवायचं कुठून

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचं सोपं आहे : २०२३च्या नोव्हेंबरपासून बीबीसीच्या आयप्लेअरवर 'डॉक्टर हू'चे जुने-नवे मिळून आठशेहून अधिक भाग आहेत, टीव्ही लायसन्स मात्र लागतं. भारतात स्ट्रीमिंगवर या मालिका येतात आणि जातात, म्हणून मी डिस्कवर भरवसा ठेवतो. मागवताना रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ती खूण, बघा. ब्रिटिश डीव्हीडी रीजन २ची असते, अमेरिकन रीजन १ची आणि आपल्याकडचे प्लेअर बहुधा रीजन ५चे. ब्लू-रेमध्ये ब्रिटन बी, अमेरिका ए आणि भारत सी. सगळे रीजन चालणारा प्लेअर एकदाच घ्या. एका विक्रेत्याने मला 'चालेल हो' म्हणून दिलेली पेटी दीड वर्ष कपाटात पडून होती.

आणि एक राखून ठेवा

'सफायर अँड स्टील' शेवटी घ्या. ब्रिटनच्या आयटीव्हीवर १९७९ ते १९८२, सहा कथा, ३४ भाग, लेखक मुख्यतः पी. जे. हॅमंड. सफायर आणि स्टील या भूमिकांत जोआना लमली आणि डेव्हिड मॅकॅलम. सफायर आणि स्टील कोण, कुठून येतात, त्यांना कोण पाठवतं, मालिका सांगत नाही. काळाला कुठेतरी भेग पडते आणि ही दोघं ती बुजवायला येतात, एवढंच. जवळजवळ सगळं स्टुडिओत, मोजक्या नटांत.

तिची दुसरी कथा आठ भागांची आहे आणि ती एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात घडते. एक सेट, एक फलाट, एक जिना, काही वाळलेली फुलं. वर दिलेला चारांचा नियम इथे मोडा. पावसाळ्यातले आठ दिवस काढा, रोज रात्री घरातले झोपल्यावर एक भाग. दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत, हेडफोन कानात. फलाटावर कुणी नसताना अंधारातून एक शीळ ऐकू येईल. तेव्हा आवाज कमी करू नका.